पाच नंबरची काच

सळई सरळ आहे की नाही हे पाहायला ठिणगीकाकांना कधी पट्टी लागली नाही. सळईचे एक टोक उजव्या डोळ्याशी धरायचे, डावा डोळा मिटायचा आणि दुसऱ्या टोकाकडे क्षणभर पाहायचे. केसाएवढा बाक असला तरी तो त्यांना सापडे. बेचाळीस वर्षे त्यांनी लोखंड जोडले. गल्लीतल्या निम्म्या खिडक्यांच्या जाळ्या, दवाखान्याचा जिना आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या शाळेचे फाटक ही त्यांचीच कारागिरी. दुकानातून उडणाऱ्या ठिणग्या पाहायला मुले उंबऱ्याशी थबकत. हे नाव मुलांनीच पाडले. पुढे मोठी माणसेही तसेच म्हणू लागली आणि खरे नाव फक्त वीजबिलावर उरले.

या धंद्यात डोळ्याला एक ठरावीक दुखणे येते. काळ्या काचेविना वेल्डिंगच्या ज्योतीकडे पाहिले तर दिवसभर काहीच जाणवत नाही. दिवेलागणीला मात्र कुणी पापण्यांखाली मूठभर वाळू ओतावी तसे डोळे खुपू लागतात. मग बटाट्याच्या चकत्या ठेवून अंधारात पडून राहायचे. दोन दिवसांत डोळा जसाच्या तसा. काकांना हे सात-आठ वेळा झाले होते, आणि त्यातून त्यांनी एक नियम बांधला होता. तो ते नवख्या माणसाला आवर्जून सांगत : "डोळा लबाड नाही. त्याला लागलं, तर संध्याकाळपर्यंत तो सांगितल्याशिवाय राहत नाही. संध्याकाळ सुखाची गेली की समजायचं, डोळा शाबूत." नियम अनुभवातून आला होता आणि दुकानाच्या चार भिंतींत तो खराही होता. त्या भिंतींच्या बाहेर तो लागू पडतो का, हे तपासण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

त्यांची मुलगी त्या शाळेत विज्ञान शिकवी. सूर्यग्रहणाला महिना उरला असताना ती वहीतला एक कागद घेऊन दुकानात आली. तिला एक सांगाडा हवा होता : मधोमध दिव्याचा होल्डर, भोवती पृथ्वीच्या वाटेची मोठी कडी, त्या कडीवर पृथ्वी म्हणून एक चेंडू, आणि चेंडूभोवती चंद्राच्या वाटेची लहान कडी, तीत चंद्र म्हणून एक मणी ओवायचा.

"दोन दिवसांत देतो, बाई," काका म्हणाले. मुलगी नोकरीला लागल्यापासून ते तिला थट्टेने बाई म्हणत, आणि त्या थट्टेत अभिमान असे.

त्यांनी काम देखणे केले. कागदावर लहान कडी जराशी कललेली दिसत होती. घाईत काढलेले चित्र असेल, असे समजून त्यांनी पाणसळ लावली आणि ती कडी मोठ्या कडीशी अगदी समपातळीत जोडून टाकली.

मुलगी सांगाडा न्यायला आली तेव्हा शाळेचा शिपाई सोबत होता. शाळेची घंटा तोच वाजवी, म्हणून सगळे त्याला घंटामामा म्हणत. दर मधल्या सुट्टीत काकांच्या दुकानात चहा पिणे हा त्याचा वीस वर्षांचा शिरस्ता. मुलीने सांगाडा पाहिला आणि ओठ चावला.

"बाबा, ही आतली कडी तिरपी हवी होती."

"तिरपी? चाळीस वर्षांत माझ्या हातून तिरपं काही बाहेर गेलं नाही, आणि आता लेकीच्या शाळेत पाठवू?"

"बरं, आता ही सरळ आहे ना? मग बघा काय होतं ते." तिने दिवा लावला आणि मणी कडीवरून सरकवत दिव्याच्या बाजूला आणला. "चंद्र सूर्याच्या आणि पृथ्वीच्या मध्ये आला. ही अमावास्या. त्याची सावली चेंडूवर पडली, दिसली? हे सूर्यग्रहण. आता मणी पलीकडे नेते. ही पौर्णिमा. आता पृथ्वी मध्ये आली, तिची सावली चंद्रावर पडली. हे चंद्रग्रहण. तुमच्या कडीवर दर अमावास्येला एक आणि दर पौर्णिमेला एक ग्रहण होणार."

"मग खरोखरचं का होत नाही?"

"कारण खरी कडी तिरपी आहे. जास्त नाही, पाच अंश. त्यामुळे बहुतेक महिन्यांत चंद्र सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. तिरपी कडी या सरळ पातळीला दोनच ठिकाणी छेदते. अमावास्या किंवा पौर्णिमा नेमकी त्या ठिकाणांजवळ पडली तरच तिघं एका रेषेत येतात."

"म्हणजे त्या पाच अंशांवर सगळं लटकलंय."

"सगळं."

घंटामामाने चहाचा घोट गिळला आणि गुडघ्यावर थाप मारली. "काय ठिणगीवाले! आभाळालासुद्धा पाणसळ लावून सरळ करायला निघालात होय? लेकीनं बरा कान पिळला!"

काका हसले. नंतर त्यांनी जोड कापला, कोन मोजून कडी पाच अंश कलती केली आणि पुन्हा टाका मारला. त्या वेळी मात्र ते हसत नव्हते. दिलेला कागद आपण वाचलाच नाही, आपल्याला येते तेच त्यात वाचले, हे त्यांना बोचले. एवढे कबूल करून मोकळे होणे त्यांना जमले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. माणूस चूक सोसतो. चूक दाखवणारा आपल्या हाताखाली वाढलेला असला की ती त्याला सोसवत नाही.

मुलगी मात्र रंगात आली होती. तिने काकांना अंगठा डोळ्यासमोर धरायला लावला; एवढासा अंगठा अख्खा दिवा झाकतो हे दाखवले. सूर्य चंद्राच्या चारशेपट मोठा आहे, पण जवळजवळ चारशेपट दूरही आहे, म्हणून दोघे सारखेच दिसतात आणि चंद्र सूर्याला झाकू शकतो. चंद्राची दाट सावली पृथ्वीवर एका चिंचोळ्या पट्ट्यापुरतीच पडते. त्या पट्ट्याबाहेर विरळ सावली, तिथे सूर्य अर्धामुर्धाच झाकला जातो. "आपण विरळ सावलीत आहोत. इथून शेवटपर्यंत सूर्याची कोर उरणार." चंद्रग्रहणात चंद्र तांबडा का होतो, हेही तिने सांगितले : पृथ्वीच्या कडेच्या हवेतून वळून गेलेला तांबडा उजेडच तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो.

"निवत्या लोखंडासारखा," काका म्हणाले.

"रंग तसाच. बाकी काही तसं नाही, बाबा."

हे "बाकी काही तसं नाही" त्यांनी ऐकले, पण मनावर घेतले नाही.

ग्रहणाच्या आठवड्यात कळले की शाळेने मागवलेले खास चष्मे आलेच नव्हते. मुलीने दुसरा मार्ग काढला. पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून सूर्याचे बिंब भिंतीवर घ्यायचे आणि मुलांनी भिंतीकडे पाहायचे. सोमवारी सकाळी तिने हे सांगितले, तेव्हा काकांच्या मनात पहिल्यांदा तो विचार आला. भिंतीवर सूर्य पाहायचा, म्हणजे जेवायला बोलावून ताटाचा फोटो दाखवायचा! उजेडाकडे काचेतून कसे पाहावे, हे या गल्लीत आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळते? इथे तरी लेक आपली चूक काढू शकणार नव्हती.

दुकानात दोन प्रकारच्या काचा होत्या. वेल्डिंगच्या मुखवट्याच्या गडद काचेचे त्यांच्याकडे दोनच तुकडे होते. तीतून सूर्य एक फिकट ठिपका दिसला. गॅस कटिंगच्या चष्म्याच्या गोल हिरव्या काचांचा मात्र पन्नासांचा डबा भरलेला होता. त्यांच्यावर गडदपणाचा आकडा कोरलेला : पाच. त्यातून पाहताना आधी डोळा दिपला, मग सरावला, आणि सूर्य असा रेखीव दिसला की कड मोजून घ्यावी. ज्या काचेतून काम स्पष्ट दिसते ती काच योग्य, हा धंद्याचा धडा होता. हा धडा ज्योतीसाठी होता, आणि ज्योतीला माणूस हवी तेव्हा विझवतो, हे त्यांच्या मनात आले नाही.

तरी ते बेजबाबदार नव्हते. मुलांच्या हाती देण्याआधी त्यांनी ती काच स्वतःवर तपासली. सोमवारी भर दुपारी डावा डोळा मिटून, उजव्या डोळ्याला काच लावून त्यांनी दहा मिनिटे सूर्याकडे पाहिले. संध्याकाळी ते वाळूची वाट पाहत बसले. वाळू आली नाही. मंगळवारी पुन्हा दहा मिनिटे, आणि पुन्हा संध्याकाळ सुखाची गेली. परीक्षा पूर्ण झाली.

बुधवारी सकाळी त्यांच्या चहाच्या कपावर एक डाग दिसल्यासारखा झाला. त्यांनी कप परत विसळला. मग दिवसभर ते काचांना पत्र्याच्या कडा वळवत बसले. बोटांच्या अंदाजाने होणारे काम होते, त्याला डोळे लागत नव्हते. शाळा सुटली तशी मुलीच्या वर्गातली मुले गल्लीतून आली, आणि छत्तीस मुलांच्या हातात छत्तीस काचा पडल्या.

"बाईंना सांगायचं नाही हं. उद्या सगळ्यांनी एकदम काढायच्या. बाई बघतच राहतील!"

"नाही सांगणार, ठिणगीकाका! कुणी कितीही विचारलं तरी नाही!"

घंटामामा मागून आलाच होता. "आणि आम्ही काय म्हातारे झालो म्हणून ग्रहण बघू नये? काढा एक इकडं. पण डोळ्याला काही होत नाही ना?"

"दोन दिवस मी बघतोय. एवढंसुद्धा दुखत नाही."

"मग झालं तर! तुमचा शब्द म्हणजे लोखंडावरचा टाका," असे म्हणून मामाने सदतिसावी काच खिशात टाकली.

गुरुवारी सकाळी आकाश निरभ्र होते. ग्रहण नऊ वाजून वीस मिनिटांनी लागणार होते. मुलगी लवकरच शाळेत गेली होती. काकांनी दुकान उघडले, एका खिडकीच्या जाळीसाठी सळई उचलली, उजव्या डोळ्याशी धरली आणि डावा डोळा मिटला.

सळई मधोमध नव्हती.

हाताजवळचा भाग दिसत होता, पण जिथे नजर रोखावी तिथे सळई विरघळून एक करडा गोल उरला होता. त्यांनी दुसरी सळई उचलली. तीही तशीच. मोजपट्टी ओढून त्यांनी बेचाळीसवर नजर ठेवली : चाळीस अंधुक, चव्वेचाळीस अंधुक, बेचाळीस नाहीच. त्रेचाळीसवर नजर नेली तर त्रेचाळीस गायब. ज्याच्याकडे पाहावे तेच नाहीसे होत होते, आणि भोवतीचे सगळे जागच्या जागी होते. डावा डोळा उघडला की पट्टी पुन्हा अखंड. म्हणूनच दोन दिवस काही कळले नव्हते. निरोगी डोळा दुसऱ्याचे व्यंग झाकत होता.

आणि दुखत नव्हते. पापणीखाली एक कणसुद्धा नव्हता.

ते स्टुलावर बसले. भिंतीवरच्या घड्याळात आठ पन्नास झाले होते. मनात पहिल्यांदा मुले आली नाहीत, हे नोंदवले पाहिजे. पहिल्यांदा आले ते दुकान : ज्याला सळईचा मध्य दिसत नाही त्याच्याकडे फाटक कोण करायला देईल? मग आली लेक, ओठ चावून उभी असलेली. मग एक हलकट, समंजस आवाज आला : आपण वीस मिनिटे पाहिले, पोरे दोन-तीन मिनिटे पाहतील, आपला डोळा म्हातारा, त्यांचे कोवळे. पण उद्या सगळ्यांनी एकदम काढायच्या, हे वाक्य पोरांनी पाठ केले होते, आणि ते आपलेच होते. ते उठले, तेव्हा नऊ वाजायला आले होते. दुकानाचे दार त्यांनी उघडेच टाकले.

शाळेच्या अंगणात मुले रांगेने बसली होती. पुठ्ठा लावून झाला होता आणि पांढऱ्या भिंतीवर सूर्याचा रुपयाएवढा गोल पडला होता. धापा टाकत येणाऱ्या वडिलांना पाहून मुलगी दचकली.

"बाबा? काय झालं?"

तिच्याकडे न पाहता त्यांनी मुलांकडे हात पसरला. "काल दिलेल्या काचा परत द्या. सगळ्या. आत्ताच्या आत्ता."

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. पुढच्या ओळीत दोन वेण्यांची एक मुलगी होती, ती भाबडेपणाने म्हणाली, "कुठल्या काचा, ठिणगीकाका?"

"अगं, काल दुकानात दिल्या त्या."

"आम्हांला नाही बाई कुणी काचा दिल्या." आणि मागच्या ओळीत खुसखुस पिकली. शब्द दिला होता, तो मुले पाळत होती. काका आपली परीक्षा पाहत आहेत असेच त्यांना वाटले.

"कसल्या काचा, बाबा?" मुलीचा आवाज खाली आला होता.

"पाच नंबरच्या. गॅसच्या. मी वाटल्या. तुला न सांगता."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण ती रागावली नाही, आणि ते त्यांना रागापेक्षा जड गेले. घड्याळात नऊ अकरा झाले होते. काकांनी दोन वेण्यांच्या मुलीला अंगणात मांडलेल्या फळ्याशी नेले. "इथं एक ते नऊ आकडे ओळीनं लिही. मोठे." तिने लिहिले. ते चार पावलांवर उभे राहिले, डावा डोळा तळव्याने घट्ट झाकला आणि म्हणाले, "आता कुठल्याही आकड्यावर बोट ठेव."

तिने पाचावर बोट ठेवले.

"मला तिथं काही दिसत नाही."

तिने सातावर ठेवले.

"तिथंही नाही. तुझं बोटसुद्धा दिसत नाही, बाळ. कडेची तुझी वेणी दिसते."

हसू थांबले.

"मी त्याच काचेतून बघितलं. दोन दिवस. दुखलं नाही म्हणून तुम्हांला दिली. डोळ्याच्या आत जिथं हे जळतं, तिथं दुखायचं यंत्रच नसावं. खरं ना, बाई?"

त्या एका वेळी "बाई" या शब्दात थट्टा नव्हती. मुलीने मान हलवली. "तिथं वेदना कळत नाही," ती कशीबशी म्हणाली. मग पहिला खिसा उघडला, दुसरा उघडला, दप्तरांच्या तळातून, मोज्यांतून, डब्यांतून काचा निघू लागल्या. लेकीने त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि मोजल्या. छत्तीस मुले, छत्तीस काचा. दोन वेण्यांच्या मुलीनेही मोजल्या. छत्तीसच भरल्या. काका पायरीवर बसले आणि गुडघ्यांवर कोपरे टेकून त्यांनी डोके हातांत धरले.

नऊ वीसला भिंतीवरच्या गोलाच्या उजव्या कडेला बारीकसा चावा पडला. तो चावा सावकाश मोठा होत गेला. अंगणातल्या झाडाखाली पानांच्या फटींतून पडणारे उजेडाचे ठिपकेही एकेक करून कापले गेले आणि फरशीवर शेकडो कोरी थरथरू लागल्या. ऊन होते, पण त्यात ऊब नव्हती. दुसऱ्या कुठल्या तरी खोलीतला दिवा इथे पडावा तसे. पाखरे गप्प झाली होती. मुलगी हलक्या आवाजात सांगत होती : चंद्र आता आपल्या आणि सूर्याच्या मध्ये आहे, त्याची तिरपी वाट आज छेदाच्या ठिकाणी आली आहे. काका ऐकत होते. ती तिरपी वाट त्यांनी स्वतःच्या हाताने जोडली होती. आज त्यांना आणखी एक समजले : ज्याच्यापासून धोका आहे ते झाकले जात असतानाच माणसाला त्याच्याकडे पाहावेसे वाटते.

दहा पाच झाले असावेत. मुलीने मनगटाकडे पाहिले आणि कपाळाला आठी घातली.

"तास संपून पंधरा मिनिटं झाली. आज घंटा कशी नाही झाली?"

काकांनी मान वर केली. बाईंच्या नजरेआड आभाळ दिसेल अशी जागा शाळेत एकच होती.

गच्चीच्या जिन्याला त्यांनीच बसवलेला कठडा होता. त्याला धरून ते वर गेले. प्रत्येक पायरीचा मध्य उजव्या डोळ्यातून निसटत होता, आणि डावा तो भरून काढत होता. वर पाण्याच्या टाकीला पाठ टेकून घंटामामा ऐसपैस बसला होता. तोंड आभाळाकडे, आणि पत्र्याची कड वळवलेली हिरवी काच आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याला आलटून पालटून.

"या ठिणगीवाले, या! लागल्यापासून हललो नाही बघा. घंटासुद्धा राहिली, बाई रागावणार. पण काय दिसतंय हो! अशी कोर, की नखानं काढून घ्यावी."

काकांनी काच त्याच्या हातातून घेतली. ती त्याच्या बोटांच्या उबेने कोमट झाली होती.

"अहो, द्या की! अजून अर्धं बाकी आहे."

"मामा, डोळे कसे आहेत?"

"झकास! एक हिरवा ठिपका नाचतोय समोर, तेवढंच. जिकडं बघावं तिकडं आधी तोच जातो." घंटामामा हसला आणि ठिपका झटकायला त्याने पापण्या दोन-तीनदा मिटल्या-उघडल्या. "जाईल हो. तुम्हीच म्हणता ना, संध्याकाळ सुखाची गेली की डोळा शाबूत? शपथेवर सांगतो, एवढंसुद्धा दुखत नाहीये."

तो घंटा वाजवायला उठला. उतरताना पहिल्या पायरीसाठी त्याचा पाय जरा चाचपडला. काकांनी त्याचा दंड धरला, आणि खाली पोचेपर्यंत सोडला नाही.